दोरी नुसती गुंडाळू नका, तिला काम द्या

यावेळी दोरीच्या सजावटीवर बरेच प्रश्न आलेत, म्हणून अख्खा कॉलम दोरीलाच दिलाय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी सुतळीचा मोठ्ठा बंडल आणला आणि बाटल्या, डबे, पेनस्टँड, कुंड्या, समोर दिसेल ते गुंडाळत सुटले. सुरुवातीला भारी वाटलं पण आता जिकडे बघावं तिकडे तोच तपकिरी रंग. त्यात बाथरूमच्या आरशाभोवती लावलेली सुतळी काळी पडली आणि कुबट वास पण मारतेय. दोरीचं अजून काय करता येईल, का हा नाद सोडूच?

उत्तर : अजिबात सोडू नका! तुमच्याकडे दोरी फक्त झाकायचं काम करतेय, बाटली झाक, डबा झाक, म्हणून ती कंटाळवाणी दिसतेय. दोरी असते ओढून धरायला, टांगायला, बांधायला आणि ती ताणलेली असताना तिचा पीळ, तिची गाठ उठून दिसते ना, तेच तिचं खरं रूप. गुंडाळलेल्या वस्तूंतल्या दोन आवडत्या ठेवा, बाकीच्या मोकळ्या करा.

मग एक टांगती फळी करा, यासारखं समाधान दुसऱ्या कशात नाही. फळीच्या चारही कोपऱ्यांत, कडेपासून साधारण ३ सेंटीमीटर आत भोक पाडायचं, दोरी ८ मिलिमीटरची असेल तर भोक १० चं, म्हणजे दोरी ओढताना अडत नाही आणि खालची गाठ वर निसटत पण नाही. भोकाच्या कडा सँडपेपरने गोल करून घ्या, तिथेच घासून दोरी झिजते. दोरी वरून घालून फळीखाली गाठ मारायची, एका बाजूच्या पुढच्या-मागच्या दोऱ्या वर एका हुकात, दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या हुकात. नवीन दोरी वजनाने ताणते, त्यामुळे पहिले दोन दिवस पुस्तकांचं वजन ठेवून लटकू द्या आणि मगच फळी लेव्हलला आणून गाठी पक्क्या करा, नाहीतर आज सरळ दिसणारी फळी परवा एका बाजूला कलते.

आणि हुक उंचावर घ्या बरं का. दोन दोऱ्या सरळ खाली येत असतील तर वजन निम्मं-निम्मं वाटलं जातं, पण त्या जितक्या फाकतील तितका ताण वाढतो आणि दोघींमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक दोरीवर पूर्ण वजनाइतका ताण येतो. जड फोटोफ्रेम टांगताना पण हेच लक्षात ठेवा, मागची दोरी अगदी आखूड बांधली की तीच आधी दगा देते.

फळी नको असेल तर बसकण फाटलेली लाकडी खुर्ची घ्या. आधी एका दिशेने दोरी घट्ट गुंडाळायची आणि मग आडवी, एक खालून एक वरून अशी विणत न्यायची. इथे मात्र सुतळी नको, तिचे तंतू टोचतात आणि कपड्यांना चिकटतात, चांगली जाड सुती दोरी घ्या.

आता आरसा. सुतळी तागाची, आणि ताग ओल धरून ठेवतो, म्हणून बुरशी आली. ती काढून टाका, वाचवण्यात अर्थ नाही. ओल्या जागी प्लास्टिकची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची दोरी लावा, ती पाणी पीत नाही. पण तीच दोरी भर उन्हातल्या बाल्कनीत लावाल तर उन्हाने ठिसूळ होऊन तिचा भुगा पडायला लागतो. नैसर्गिकच हवी असेल तर काथ्या बघा, नारळाच्या सोडणाचा हा दोर ओलीला फारशी दाद देत नाही, फक्त खरखरीत असतो, म्हणून सारखा हात लागेल तिथे नको.

प्रश्न : नेहमी दोरी कमी पडते आणि दुसऱ्या बंडलचा रंग वेगळाच निघतो. किती लागेल हे आधी कसं कळणार?

उत्तर : सोपा हिशोब आहे. वस्तूची उंची भागिले दोरीची जाडी म्हणजे फेरे, आणि एका फेऱ्याला लागणार वस्तूचा घेर. म्हणजे घेर २५ सेंटीमीटर, उंची २० आणि दोरी अर्धा सेंटीमीटर जाड असेल तर ४० फेरे, १० मीटर दोरी. गोल पायपुसणं किंवा मॅट करायची तर मॅटचं क्षेत्रफळ भागिले दोरीची जाडी. ६० सेंटीमीटर व्यासाच्या मॅटला १ सेंटीमीटर जाडीची दोरी साधारण २८ मीटर लागते, ऐकून विश्वास बसत नाही पण खरंच इतकी लागते! मॅक्रमेला, म्हणजे दोरीला गाठी मारून केलेल्या विणकामाला, तयार लांबीच्या चौपट दोरी धरायची, आणि मधोमध दुमडून अडकवणार असाल तर आठपट. वर दहावा हिस्सा जास्त आणा आणि सगळी एकदमच घ्या.

प्रश्न : ताई, मी हॉस्टेलला राहते, भिंतीत खिळा मारायला परवानगी नाही. खोली अगदी ओकीबोकी आहे. काही होईल का?

उत्तर : होईल की गं! दारावर अडकवायचा हुक मिळतो, त्यावर दोरीची शिडी टांग. दोन दोऱ्या आणि चार-पाच गुळगुळीत काठ्या, बास. काठीभोवती दोरीचा एक फेरा घ्यायचा, दुसरा फेरा पहिल्यावरून तिरका न्यायचा आणि टोक त्या तिरक्या दोरीखालून काढून ओढायचं. ही गाठ वजन पडलं की आणखी आवळते आणि मोकळं असताना काठी वर-खाली सरकवता पण येते, त्यामुळे अंतर सारखं करायला डोकं खाजवावं लागत नाही. त्यावर स्कार्फ, टॉवेल, मासिकं काहीही टाक, आणि फोटो क्लिपने लाव.

खिडकीला ग्रिल असेल तर कुंडीसाठी शिंकं पण कर. २ मीटरचे चार तुकडे मधोमध दुमडून एका कडीत अडकव, आठ पदर होतील, त्यांच्या चार जोड्या करून प्रत्येक जोडीला एकाच उंचीवर गाठ मार. मग थोडं खाली शेजारच्या दोन जोड्यांतला एकेक पदर घेऊन पुन्हा गाठी, आणि शेवटी सगळे पदर एकत्र. फक्त कुंडीचं वजन पाणी घातल्यावरचं धर, एक लिटर पाणी म्हणजे अख्खा एक किलो वाढतो. म्हणूनच चिकटवायच्या हुकावर कुंडी नको, त्यावर फोटोंची हलकी दोरीच बरी.

प्रश्न : दोरी कापली की टोकं लगेच सुटतात.

उत्तर : कापायच्या आधी त्या जागी टेप गुंडाळा आणि टेपच्या मधोमध कापा. कायमचं करायचं तर बारीक दोरा दोरीच्या जाडीइतक्या रुंदीत घट्ट गुंडाळून गाठ मारा, रंगीत दोरा घेतला तर तीच सजावट होते. नायलॉनचं टोक आचेवर वितळवून बंद होतं, पण सुती आणि तागाच्या बाबतीत हे करू नका, ते वितळत नाहीत, पेटतात.

प्रश्न : हॉलमध्ये दोरीचा लॅम्पशेड करायचाय आणि पडद्यांना जाड दोरीचे फास. घरात दीड वर्षाचं बाळ आहे, काही काळजी घ्यावी लागेल का?

उत्तर : विचारलंत ते फार चांगलं केलंत. लॅम्पमध्ये फक्त एलईडी बल्ब, तो जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा खूपच कमी तापतो, तरी दोरी आणि बल्बमध्ये चांगलं अंतर ठेवा. ग्लू गनचा गोंद उष्णतेने मऊ पडतो, त्यामुळे शेडची दोरी तारेच्या सांगाड्याला विणूनच पक्की करा.

पडद्यांच्या फासांना मात्र मी सध्या नाहीच म्हणेन. लोंबणारी दोरी बाळाच्या गळ्याभोवती अडकू शकते आणि हे आवाज न होता घडतं, मोठं माणूस शेजारच्या खोलीत असलं तरी कळत नाही. पडद्याला कापडी पट्टी आणि वेल्क्रो लावा, तेही खूप वर, बाळाचा पाळणा आणि चढता येईल असं फर्निचर खिडकीपासून लांब ठेवा. दोरीची हौस लॅम्पवर भागवा, तो छताला पक्का लटकलेला असू दे आणि त्याची एकही दोरी खाली सुटलेली नको.