ऑयलरनं २१४७४८३६४७ ही संख्या मूळ असल्याचं हातानं कसं दाखवलं? की अंदाज बरोबर निघाला?

दोनाचा ३१ वा घात वजा १. अठराव्या शतकातला गणितज्ञ ऑयलर यानं १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं दाखवलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. तुमच्या प्रश्नातला 'अंदाज' शब्द वाचला आणि उत्तर लिहायला बसलो.

निपाणीत दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयूसीला (अकरावी-बारावी) बेळगाव आणि सगळं एकदम इंग्रजीत. एका लेक्चररनी फळ्यावर लिहिलं की घात मूळ असला की दोनाच्या त्या घातातून १ वजा करून येणारी संख्याही मूळच. उदाहरणं ३, ७, ३१, १२७. मी उठून म्हणालो, सर, ११ वा घात घ्या, २०४७ येतात, ते २३ गुणिले ८९. घाईत मराठीतच बोललो. वर्ग हसला. सरांनी गुणाकार करून पाहिला, फळा पुसला आणि म्हणाले, "लकी गेस." मराठी शाळेतल्या पोराला हे कुठून येणार, असा सूर होता. तो अजून सलतो.

गेस अजिबात नव्हता. आमच्या शाळेतल्या सरांनी तंबाखूच्या हंगामात अर्धा वर्ग रिकामा असतानाही फर्माचं छोटं प्रमेय (मूळ संख्येनं घाताला भागल्यावर बाकी काय उरते ते सांगणारं) शिकवलं होतं. त्यातून निघतं की २०४७ ला भागणाऱ्या मूळ संख्येतून १ वजा केला की २२ नं, म्हणजे घाताच्या दुपटीनं, भाग जायलाच हवा. म्हणजे पहिली उमेदवार २३, आणि पहिल्याच भागाकारात काम फत्ते. ८९ सुद्धा त्याच साच्यातली.

ऑयलरनं हेच ३१ साठी केलं. भाजक ६२ च्या पटीपेक्षा १ नं मोठा हवा. शिवाय त्याला ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरायला हवी. दोन्ही अटी मिळून भाजक २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवूनच येतो. वर्गमूळ ४६३४० च्या आसपास, तिथवर असे पावणेचारशेही आकडे नाहीत, आणि त्यातल्या फक्त मूळ संख्या तपासायच्या. एकीनंही भाग गेला नाही. ही मेहनत आहे, नशीब नव्हे. कुणी "नशीब" म्हणालं तर पुरावा मागा, आणि तो कुठल्याही भाषेत द्यायला लाजू नका.

संख्येचं वैशिष्ट्य म्हणाल तर तिला दोनाच्या ३० व्या घातानं गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःहून लहान सगळ्या भाजकांच्या बेरजेइतकी. संगणकातल्या ३२ बिटांच्या चिन्हांकित (अधिक-उणे दोन्ही धरणाऱ्या) पूर्णांकाची कमाल मर्यादाही २१४७४८३६४७ हीच.

एक सांगायचं राहिलं. ही चाळण फक्त याच जातीच्या, मूळ घाताच्या संख्यांना लागते, ऐऱ्यागैऱ्या मोठ्या संख्येला नाही. आणि घात फार मोठा असेल तर भागाकार सोडा, लुकास-लेहमर चाचणी वापरा: ४ पासून सुरुवात, वर्ग करून २ वजा, जी संख्या तपासायची तिनं भागून बाकी ठेवायची, असं घातापेक्षा दोन कमी वेळा. शेवटी ० आलं तर मूळ. २०४७ वर करून बघा, नवव्या वेळी १७३६ उरतात.