फुकट सॉफ्टवेअरबद्दल लोकांची खरी मतं कुठे वाचायला मिळतील?

"टॉप १०" वाल्या लिस्ट सोडून द्या, त्यातल्या बऱ्याच जणांना लिंकवर कमिशन मिळतं. ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला) असेल तर सरळ गिटहबवरचे, म्हणजे असा कोड जिथे ठेवतात त्या साइटवरचे, इश्यूज (लोकांनी नोंदवलेल्या अडचणी) उघडा, बंद झालेलेपण वाचा, लोक तिथे वैतागून खरं काय ते लिहितात आणि डेव्हलपर उत्तर देतो का, शेवटचं रिलीज कधी आलं तेपण कळतं. अँड्रॉइड ॲपसाठी एफ-ड्रॉइड (ओपन सोर्स ॲप्सचं स्टोअर) बघा, ट्रॅकिंग किंवा जाहिराती असतील तर तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि प्लीज, वापरलंत तर स्वतःपण लिहा, नुसतं "मस्त आहे" नको, व्हर्जन कुठलं, कशावर चालवलं, कुठे अडलं एवढं टाकलंत तरी पुढच्याला खूप उपयोग होतो, बनवणाऱ्यालापण.