देशोदेशीच्या ग्राहकांसाठी लिहिताना

प्रश्न: आमची पत्रके आणि ईमेल अनेक देशांतील ग्राहकांकडे जातात. मजकूर सर्वांना नीट कळावा म्हणून काय करावे?

उत्तर: आधी तारखा तपासाव्यात. ‘०३/०४/२०२५’ ही तारीख ब्रिटनमध्ये ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च अशी वाचली जाते आणि त्यातून मुदतीचे वाद उद्भवू शकतात. म्हणून महिना अक्षरी लिहावा किंवा आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २०२५-०४-०३ असा वर्ष-महिना-दिवस क्रम ठेवावा. डॉलर कोणत्या देशाचा, हेही सांगावे. माझ्या मते सर्वांत मोलाचे म्हणजे वाचकाने नेमके काय करायचे आहे, ते पहिल्याच परिच्छेदात यायला हवे. साध्या भाषेविषयीचे २०२३ मधील आयएसओ २४४९५-१ हे मानकही वाचकाला हवे ते सापडावे, समजावे आणि वापरता यावे, यावरच भर देते.