कुत्र्यांचं कंपाउंड: दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं

प्रश्न: ताई नमस्कार. नारायणगावच्या बाहेर आमचं घर आहे, मागं सगळा ऊस. दोन कुत्री आहेत, एक गावठी मोती आणि एक वर्षाची लॅब. परसाला साडेचार फुटी भिंत आहे, मोती ती सहज टपून जातो आणि लॅब गेटखालची माती उकरून बाहेर पडते, म्हणून रात्री दोघांना भिंतीशी साखळीला बांधतो. मेव्हणा म्हणतो वर काटेरी तार ओढ नाहीतर झटका लाव. भिंत सात फूट केली तर काम होईल का? खर्च एकदाच करायचाय.

उत्तर: दादा, मागं ऊस म्हणता आणि बिबट्याचं नावसुद्धा काढत नाही, कमाल आहे! सात फुटानं मोती थांबेल कदाचित, पण बिबट्याला सात फूट म्हणजे काहीच नाही, शिवाय तुमची कुत्री साखळीला, म्हणजे पळायचीही सोय नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली होती, त्यात खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. तेव्हा पैसे भिंतीत घालू नका, रात्रीच्या खोलीत घाला.

आधी साखळी सोडा, आजच. भिंतीजवळ बांधलेलं कुत्रं उडी मारतं आणि पलीकडं लटकतं, असं गळफास बसून कुत्री मरतात. आणि कायमचं बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवणं-पळवणं ही मालकाची जबाबदारी आहे असं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच लिहिलंय.

रात्रीसाठी सहा बाय आठची खोली पुरे. खाली दोन-अडीच फूट पक्कं बांधकाम, वर लोखंडी अँगलमध्ये वेल्ड केलेली जाड जाळी, आणि छत चारी बाजूंनी बंद, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण छत नसेल तर तो पिंजरा नाही, ताट आहे. कोंबड्यांची पातळ जाळी मारून पैसे वाचवायला जाऊ नका. पंजा आत येणार नाही एवढंच भोक ठेवा, खालचा भाग बंद असला की कुत्रं जाळीला टेकून झोपत पण नाही. पत्र्यावर उन्हाळ्यात पाचट टाका, तुमच्याकडं त्याला काय तोटा! खाली शहाबादी, खरखरीत बाजू वर, चार फुटाला इंचभर ढाळ देऊन. कडी नाकानं उचलता येणार नाही अशी, वर आणि खाली दोन.

आता दिवसाचं. भिंत पाडू-वाढवू नका, तिच्यावरच अँगल बसवून अडीच फूट चेनलिंक जाळी ओढा आणि वरचा फूटभर भाग आतल्या बाजूला वाकवा. जाळी घेताना गेज विचारा, आकडा लहान तेवढी तार जाड, दुकानदार १२ गेज पुढं करेल, तुम्ही १० मागा. भिंतीला लागून सरपण, ड्रम, जुनी टाकी असलं काही असेल तर हलवा, बऱ्याचदा कुत्रं भिंत टपत नाही, ड्रमावरून जातं. लॅबसाठी गेटखाली सिमेंटचा उंबरा टाका, फट दोन बोटांपेक्षा जास्त नको, आणि आतल्या बाजूनं दीड-दोन फूट रुंद जाळी मातीखाली आडवी पसरा. ती कडेलाच उकरते, जाळी नखाला लागली की कंटाळून सोडते. काळ्या मातीत खांब उन्हाळ्यात सैल होतात आणि पावसात कलतात, म्हणून खड्डा दोन फूट घ्या आणि कोपऱ्याच्या खांबाला तिरका टेकू द्या.

काटेरी तार नकोच, पोट फाटतं. आणि झटका म्हणून लोक सरळ लाइटची तार जोडतात, तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेलीत, मेव्हण्यांना सांगा. कण्हेर असेल कुंपणाला तर तीही काढा, विषारी असते, लॅब काय चावेल सांगता येत नाही.

मोती खोलीत जायला तयार होणार नाही, गावठी आहे. महिनाभर रात्रीची भाकरी आतच द्या, दार उघडं ठेवून, मग अंधार पडायच्या आत दार लावायला लागा. उरलंसुरलं अंगणात टाकू नका, त्या वासानं भटकी कुत्री येतात आणि त्यांच्या मागं बिबट्या. पावलं दिसली तर वन खात्याला १९२६ वर कळवा.

प्रश्न: आमच्याकडं रत्नागिरीत सगळा कातळ, खणताच येत नाही, मग जाळी पुरायची कशी?

उत्तर: पुरू नका. जमिनीवरच आत दोन फूट आडवी टाका, तारेनं उभ्या जाळीला शिवा आणि वर जांभ्याचे चिरे ठेवा. चिऱ्यांखाली पावसात विंचू बसतात तेवढं मात्र अधूनमधून उलटून बघत जा.