कपड्यांची अदलाबदल ठेवताय? परवानगी हातात येईपर्यंत कपडे गोळा करू नका

कॉलेजात वापरलेल्या कपड्यांची अदलाबदल ठेवायची आहे, ऑफिस अर्ज दाबून बसलंय आणि मुलं म्हणतात, पुण्यात एफसी रोडवर स्वस्तात नवं मिळतं तर दुसऱ्याचं का घालायचं. तुमची पोस्ट वाचून आमचे दिवस आठवले.

आमच्या कॉलेजचं नाव लिहीत नाही. अर्ज ऑफिसातून प्राचार्यांकडे, तिथून परत ऑफिसात. "विक्री नाही, मग पावती कशाची फाडायची?" यावरच गाडी अडली. तोवर कपडे येऊन पडले होते. जिन्याखालची खोली, जुलैचा पाऊस, भिंतीला ओल. हॉल मिळाल्यावर गाठोडी सोडली तर कुबट वास आणि पांढऱ्या कुर्त्यांवर बुरशीचे काळे ठिपके. एकीने आईची नारायणपेठ साडी दिली होती, तिच्या काठाला शेजारच्या ओढणीचा रंग लागला होता. ती साडी तशी परत देताना मान वर होईना. एका सहीचं काम होतं हो! अजून संताप होतो.

तेव्हा लेखी परवानगीआधी एकही कपडा घेऊ नका. सकाळी आणायचे, दुपारी बदलायचे, उरलेले ज्याचे त्याने संध्याकाळी न्यायचे. अर्ज ऑफिसच्या खिडकीत टाकण्यापेक्षा एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कार्यक्रम अधिकाऱ्यांमार्फत घाला, त्यांना उपक्रम हवेच असतात. अर्थात प्रत्येक कॉलेजची रीत वेगळी, खात्री देत नाही.

एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी लागतं, हे पोस्टरवर जरूर लिहा. पण माझं स्पष्ट मत, त्याने कुणी खरेदी थांबवत नाही. ट्रॅडिशनल डेच्या आठवडाभर आधी ठेवा. एका दिवसापुरती साडी, कुर्ता सगळ्यांनाच हवा असतो, तिथे दुसऱ्याचं घालायला कुणी लाजत नाही. आणि एखाद्या शिंप्याला मशीन घेऊन बसवाच. ब्लाउजच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेला जादा कपडा, असते, आतली टीप उसवली की तोच ब्लाउज दुसरीला बसतो. हे डोळ्यांसमोर झालं की मुली घरून आणखी कपडे आणतात.

जाता जाता, लक्ष्मी रोडवर नवं घेतानाही कपडा उलटा करून बघा. माया नसेल आणि टाके विरळ असतील तर कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. तो ना सैल करता येतो, ना पुढे कुणाला देता येतो.