आजोबांना आधी बुटांचं विचार

पोरा,

तुझा मेसेज वाचला, आजोबांच्या लढाईवर लिहायचं म्हणतोस, लिही. पण "किती शत्रू मारले" हे पहिलं विचारू नको, म्हातारा "जाऊ दे ना बाप्पा" म्हणून खाटेवर कूस बदलेल. मी शाळेत असताना माझ्या मोठेबाबांना हेच विचारून बसलो. महार रेजिमेंटचे होते ते, मध्य प्रदेशातल्या सागरला ट्रेनिंग, ७१ च्या भारत-पाक लढाईत पूर्वेकडे. पुढं वर्षभर त्या विषयावर एक शब्द नाही.

मग एकदा हरभऱ्यात डुकरं यायची म्हणून आम्ही दोघं जागलीला गेलो. त्यांनी बिडी पेटवली ती घोंगडीच्या आत आणि ओढली ती मुठीत लपवून, निखारा तळहाताकडं. मी म्हटलं इथं कोण पाह्यते? म्हणाले, "आगीचं टोक लांबून दिसते रे." आणि मग आपोआपच सुरू झाले, लढाई कमी आन् पायच जास्त, भाताच्या बांध्यातला चिखल, ओले बूट, "काढले तं पाय सुजून परत आत जाये नाही."

३ डिसेंबरला सुरू झालं, १६ ला ढाक्यात शरणागती, ९३ हजार युद्धकैदी, हे तुला कुठंही मिळेल. आमच्या घरचं मात्र नाही मिळणार. पत्त्यावर नंबर, नाव, युनिट आणि केअर ऑफ ९९ एपीओ (म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) एवढंच, त्यामुळं आजीला वाटायचं नव्व्याण्णव नावाचं गावच आहे कुठंतरी. लढाई संपल्यावर पत्र आलं ते थेट जानेवारीत, पोस्टमननंच वाचून दाखवलं, आणि त्यात निम्मं पत्र लंगड्या बैलाची चौकशी!

तर तू बूट, जेवण, पत्रं, मनीऑर्डर असं विचार. पेटीतलं डिस्चार्ज बुक पाह्य, मेडल पाह्य, ‘पूर्वी स्टार’ असला तर बांगलादेशाची बाजू, ‘पश्चिमी स्टार’ असला तर पश्चिम पाकिस्तानची, मग प्रश्न बरोबर सुचतात. रेकॉर्डिंग सांगून लाव, चोरून नको. मधेच गप्प झाले तर तूही गप्प बस, लगेच दुसरा प्रश्न टाकू नको (मला अजून जमत नाही हे). रिटायर झाल्यावर बँकेत गार्ड होते वगैरे ते एका ओळीत आटप.

आणि फोटो घरी नेऊ नको, तिथंच मोबाईलवर काढ. मोठेबाबांचा सागरचा ग्रुप फोटो एकानं कार्यक्रमासाठी म्हणून नेला, तो आलाच नाही. त्यातले अर्धे जण परत आले नव्हते, आणि मोठेबाबा शेवटपर्यंत विचारायचे, "आणला का रे त्यानं?"