मेइजी काळात (1868 ते 1912, जपान झपाट्याने आधुनिक होत होता तेव्हा) जपानमध्ये शिकवायला गेलेल्या परदेशी डॉक्टरांचा अनुभव कसा होता?

एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरचंच बघा. 1876 मध्ये तोक्योला वैद्यकशास्त्र शिकवायला गेले आणि पंचवीसेक वर्षं शिकवत राहिले. व्याख्यानं जर्मनमध्ये, म्हणजे पोरांना आधी भाषाच घोकावी लागे! (जपानी डॉक्टर आजही केसपेपरला ‘कारुते’ म्हणतात, तो मूळचा जर्मनच शब्द.) राजघराण्यावरही त्यांनी उपचार केले, पण हाकोनेतल्या मोलकरणीचे भेगाळलेले हात पाहून त्यांनी बनवलेलं ग्लिसरीनचं औषध मला जास्त भावतं. बायको जपानी, कुसात्सुच्या गरम झऱ्यांचं भारी कौतुक. तक्रार मात्र होती, आणि 1901 च्या भाषणात ती त्यांनी तोंडावर सांगितली: तुम्हाला विज्ञानाची तयार फळं हवीत, झाड वाढवायचं नाही.